कवच आणि अधिवास : डायाटमांच्या वर्गीकरणाचा इतिहास

‘अ‍ॅटम’ आणि ‘डायाटम’ हे दोन्ही शब्द एकाच ग्रीक धातूपासून आलेले आहेत. त्या धातूचा अर्थ ‘कापणे’ असा आहे. जो कापता येत नाही तो अ‍ॅटम. जो आरपार कापलेला आहे तो डायाटम. पहिला शब्द तत्त्वज्ञांच्या कल्पनेतून निघाला, दुसरा एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या भिंगाखालून. इ. स. १८०५ मध्ये ओग्युस्तँ द कांदोल याने पाण्यातील एका सूक्ष्म शैवलास ‘डायाटोमा’ हे नाव दिले, तेव्हा त्याच्यासमोर काटकोनी पेशींची एक साखळी होती. तिच्यातील पेशी एकमेकींपासून कापल्यासारख्या सुट्या झालेल्या, परंतु एकेका कोपऱ्याशी चिकटून राहिल्यामुळे नागमोडी दिसणाऱ्या अशा होत्या. म्हणजे आज ज्या जीवांच्या एका प्रचंड वर्गास आपण डायाटम म्हणतो, त्याचे नाव त्यांतील थोड्याच जातींच्या वसाहतीच्या ठेवणीवरून पडलेले आहे. शिवाय हे नाव त्या वेळी मोकळेही नव्हते. १७९० मध्ये लुरेरो याने कोचीन-चीनमधील एका वृक्षास तेच नाव दिले होते. आज कॅरॅलिया ब्रॅकिआटा म्हणून ओळखला जाणारा हा वृक्ष आपल्या सह्याद्रीच्या रानांतही आढळतो. नामकरणाच्या नियमांप्रमाणे जुने नाव सरस ठरावयाचे, पण पुढे रूढीस मान देऊन ते शैवलासाठी राखून ठेवण्यात आले.

मराठी विश्वकोशाने या जीवांना ‘करंडक वनस्पती’ म्हटले आहे. भाषेच्या अभ्यासकाला ही निवड लक्षणीय वाटते, कारण ती ग्रीक शब्दाचे भाषांतर नाही. ग्रीक नाव साखळीकडे पाहते, मराठी नाव पेटीकडे. डायाटमची पेशी सिलिकेच्या कवचात बंदिस्त असते. कवचाची दोन दले असतात, एक किंचित मोठे, दुसरे किंचित लहान, आणि कुंकवाच्या करंड्याचे झाकण बसावे तसे मोठे दल लहान दलावर बसलेले असते. हे लक्षण मात्र साऱ्या वर्गाला लागू पडते. तथापि करंडा म्हटला की आतील वस्तूपेक्षा झाकणाकडेच लक्ष जाते, आणि या जीवांच्या वर्गीकरणाच्या इतिहासात नेमके तेच घडले, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे. शंभराहून अधिक वर्षे करंडा पाहिला गेला. त्यात राहणारा जीव आणि तो जेथे राहतो ते पाणी ही दोन्ही दृष्टीआड झाली. आणि त्याची किंमत आजही, विशेषतः आपल्यासारख्या उष्ण प्रदेशातील अभ्यासकांना, मोजावी लागत आहे.

आरंभी तसे नव्हते. १७०३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात एका अनामिक निरीक्षकाचे पत्र छापले गेले. आपल्या खेड्यातील डबक्यातून काढलेल्या पाणवनस्पतींच्या मुळांना चिकटलेले चौकोन व आयत आपण पाहिले, असे त्याने त्यात लिहिले होते. हे वर्णन आज टॅबेलॅरिया या प्रजातीचे मानले जाते. डायाटमचे हे बहुधा पहिले खात्रीचे वर्णन होय. त्यात नाव नाही, वर्ग नाही. परंतु जीव कोठे सापडला, कशाला चिकटलेला होता, हे आवर्जून सांगितलेले आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीच्या वीस वर्षांत डॅनिश शास्त्रज्ञ म्यूलर याने समुद्रकाठच्या पाण्यातील काड्यांच्या जुडीसारखा एक जीव पाहिला. त्याच्या काड्या एकमेकींवरून घसरत लांब होतात आणि पुन्हा आखडतात. हालचाल पाहून त्याने तो सूक्ष्म प्राण्यांत घातला. ग्मेलिन याने पुढे त्यालाच ‘बॅसिलारिया पॅरॅडॉक्सा’ म्हणजे ‘विस्मयकारक काडी’ असे नाव दिले. अशा रीतीने या वर्गाला दोन कुळनामे लाभली. जे त्याला प्राणी समजत ते बहुधा बॅसिलारिया हे नाव पुढे करीत, आणि आगार्डसारखे वनस्पती समजणारे डायाटोमी म्हणत. शब्दाच्या निवडीवरून लेखकाचा पक्ष ओळखता यावा, अशी ही स्थिती होती. प्फित्सरच्या १८७१ च्या ग्रंथाच्या शीर्षकात तर एक नाव देऊन दुसरे कंसात दिले आहे. आज सारे त्यांना डायाटम म्हणतात, परंतु वर्गाचे शास्त्रीय नाव मात्र ‘बॅसिलारिओफायसी’ असे आहे, म्हणजे प्राण्याच्या नावापुढे शैवलाचा प्रत्यय. वाद मिटल्यावरही दोन्ही पक्ष नावात नांदत राहिले.

हा वाद पेटविणारा पुरुष म्हणजे बर्लिनचा क्रिस्टिआन गोटफ्रीट एरेनबेर्ग. १८३८ च्या आपल्या महाग्रंथात त्याने असे प्रतिपादन केले की सूक्ष्मजीव हे आकाराने लहान असले तरी पूर्ण प्राणीच आहेत. त्यांना अनेक जठरे असतात. पाण्यात नीळ किंवा किरमिजी रंग मिसळून तो त्यांना ‘खाऊ घालीत’ असे आणि पेशीत दिसणाऱ्या पोकळ्या जठरे म्हणून मोजीत असे. डायाटमही त्याच्या मते असेच बहुजठरी प्राणी होते. उलट बाजूस क्यूत्सिंग हा औषधविक्रीच्या व्यवसायातून शास्त्राकडे वळलेला संशोधक होता. डायाटमचे कवच सिलिकेचे आहे हे १८३४ मध्ये त्याने दाखविले आणि १८४४ च्या ग्रंथात त्यांचे वर्णन शैवल या नात्याने केले. या वादात क्यूत्सिंग जिंकला हे आपण जाणतो. पण जिंकणाऱ्याने लावलेला सिलिकेचा शोध आणि हरणाऱ्याने गोळा केलेला अफाट संग्रह या दोहोंनी मिळून पुढच्या शतकाची दिशा ठरविली, हे तितकेसे ध्यानात घेतले जात नाही. सिलिका आम्लात विरघळत नाही, कुजत नाही. जीव मेला तरी कवच उरते, लक्षावधी वर्षे उरते.

ते किती उरते याचा प्रत्यय १८३६ मध्ये आला. बोहेमियातील चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार फिशर याने फ्रान्त्सेन्सबाड येथील दलदलीतील पांढरी माती तपासली, तेव्हा ती डायाटमांच्या कवचांचीच बनलेली आढळली. पाठोपाठ एरेनबेर्गने बिलिन येथील पॉलिशच्या दगडाची तीच घडण दाखविली. त्या दगडाच्या एका घनइंचात ४१ अब्ज कवचे असावीत असा त्याचा अंदाज होता. अशाच मातीत नायट्रोग्लिसरिन जिरवून १८६७ मध्ये नोबेलने डायनामाइट केले, हे सर्वश्रुत आहे.

माझ्या मते याहून महत्त्वाची घटना दुसरीच आहे. १८३२ च्या जानेवारीत ‘बीगल’ जहाज केप व्हर्द बेटांशी असताना चार्ल्स डार्विनने जहाजावर पडणारी बारीक तांबूस धूळ गोळा केली. पुढे आणखी काहींकडून मिळविलेल्या धुळीसह पाच पुड्या त्याने एरेनबेर्गकडे धाडल्या. त्यांत एरेनबेर्गला ६७ सेंद्रिय रूपे सापडली. त्यांतील सूक्ष्मजीव, दोन सागरी जाती सोडल्या तर, सारे गोड्या पाण्यातील होते. भर समुद्रावर पडलेली धूळ गोड्या पाण्याची साक्ष देत होती. जीवाचे कवच हा त्याच्या निवासाचा दाखला आहे आणि तो हजारो मैलांवर वाचता येतो, ही कल्पना येथे प्रथम स्पष्टपणे वापरली गेली. पण हा दाखला वाचावयाचा तर कोणती जाती कोणत्या प्रदेशाची हे आधी ठाऊक असले पाहिजे. एरेनबेर्गला आफ्रिकेच्या म्हणून माहीत असलेल्या जाती धुळीत आढळल्या नाहीत, उलट केवळ दक्षिण अमेरिकेतून माहीत असलेल्या दोन आढळल्या. डार्विनला मात्र वाऱ्याच्या दिशेवरून धूळ आफ्रिकेतून येते याविषयी शंका नव्हती, आणि तोच बरोबर होता. सहारातून, विशेषतः चाडमधील बोदेले या आटलेल्या सरोवराच्या तळातून, अशी धूळ आजही अटलांटिकवर जाते. तिच्यात डायाटमांची कवचे विपुल असतात. एरेनबेर्गने कवचे नीट ओळखली होती. उणी होती ती त्या जातींच्या निवासस्थानांची यादी. ही उणीव पुढे वारंवार भेटणार आहे.

त्याच सुमारास, १८३९ ते १८४३ या काळात, जोसेफ हूकर दक्षिण ध्रुवाकडील सागरात होता. तेथे बर्फाला तपकिरी रंग चढलेला त्याने पाहिला आणि तो डायाटमांचा असल्याचे ओळखले. ज्या प्रदेशात जमिनीवर वनस्पती जवळजवळ नाहीत तेथे प्राण्यांचे पोषण कशावर होते, या प्रश्नाचे उत्तर त्याला या सूक्ष्म वनस्पतींत दिसले. जागतिक प्राथमिक उत्पादनाचा सुमारे पाचवा हिस्सा डायाटमांचा आहे असे आज मानले जाते. या विचाराचे मूळ हूकरच्या त्या तपकिरी बर्फात आहे.

येथपर्यंत कवच, जीव आणि स्थळ या तिन्हींचा अभ्यास बरोबरीने चालला होता. विल्यम स्मिथच्या ब्रिटिश डायाटमांवरील ग्रंथातही (१८५३ व १८५६) जिवंत पेशींची चित्रे आहेत. त्यानंतर मात्र एका साध्या कृतीने सारे चित्र पालटले. नमुना तीव्र आम्लात उकळला की पेशीतील सर्व सेंद्रिय द्रव्य नष्ट होते आणि काचेसारखे स्वच्छ, नक्षीदार कवच तेवढे उरते. ते कायम टिकते, टपालाने पाठविता येते, विकता येते. सूक्ष्मदर्शकाच्या कारागिरांनाही ते हवे होते, कारण कवचावरील रेघा इतक्या बारीक व समान अंतरावर असतात की भिंगाची कुवत अजमावण्यास त्यासारखे साधन नव्हते. व्हेडेल येथील म्यलर याच्यासारखे कसबी काचपट्टीवर शेकडो कवचे ओळींत मांडून विकीत. नमुना कोणत्या ओढ्यातला, दगडावरचा की चिखलातला, हे सांगणारी चिठ्ठी बहुधा मागेच राही. आडोल्फ श्मिट याने १८७४ मध्ये आरंभिलेला आणि इतरांनी १९५९ पर्यंत चालविलेला चित्रसंग्रह हे या परंपरेचे स्मारक होय. तो चाळताना लिपीच्या नमुन्यांचे पुस्तक पाहत असल्याचा भास होतो. अक्षरे अप्रतिम आहेत, पण ती कोणत्या मजकुरातून उचलली ते कळत नाही.

वर्गीकरणही मग कवचाच्या सोयीचे झाले. अमेरिकेतील एच. एल. स्मिथ याने १८७२ मध्ये कवचावरील मधल्या चिरेवरून, जिला राफे म्हणतात, तीन गट पाडले : खरी चीर असलेले, चिरेचा आभास असलेले आणि चीर न दिसणारे. श्यूट याने १८९६ मध्ये मध्यबिंदूभोवती नक्षी असलेले आणि पिसाप्रमाणे दुबाजूंनी नक्षी असलेले, असे दोन विभाग केले. ‘केंद्री’ व ‘पिच्छाकार’ अशी त्यांची मराठी रूपे करता येतील. ही विभागणी इतकी सोपी आणि डोळ्यांना इतकी पटणारी होती की पाठ्यपुस्तकांतून ती आजतागायत हटलेली नाही.

या धोपट मार्गाला एक पर्याय मात्र त्याच काळी उपलब्ध होता, आणि मला या इतिहासातील सर्वांत रोचक भाग तोच वाटतो. एर्न्स्ट प्फित्सर याने १८७१ मध्ये जिवंत पेशींतील वर्णकणांच्या, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या तपकिरी-पिवळ्या घटकांच्या, संख्येवरून व ठेवणीवरून वर्गीकरण मांडले. काही पेशींत एक-दोन मोठे पट्टीसारखे वर्णकण असतात, काहींत पुष्कळ बारीक दाणे. (पेशी विभागली की नवे दल नेहमी जुन्याच्या आतच बनते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पेशी लहान होत जातात आणि लैंगिक जननानंतर पुन्हा मोठ्या होतात, हा नियमही त्याचाच; मॅक्डोनल्डने तो १८६९ मध्ये स्वतंत्रपणे मांडला होता. एकाच जातीच्या लहान-मोठ्या पेशींना निरनिराळी नावे देणाऱ्यांना हा मोठा इशारा होता.) पुढे १९०० च्या आसपास रशियन शास्त्रज्ञ मेरेझ्कोव्स्की याने हीच दृष्टी पुढे नेली. होडीच्या आकाराच्या साऱ्या कवचांना सामावणाऱ्या ‘नॅव्हिक्युला’ या अवाढव्य प्रजातीतून त्याने वर्णकणांच्या आधारे १९०२ मध्ये ‘सेलाफोरा’ आणि १९०३ मध्ये ‘प्लॅकोनिस’ या प्रजाती वेगळ्या काढल्या. कोणी त्या स्वीकारल्या नाहीत. कारण उघड होते. आम्लात उकळलेल्या काचपट्टीवर वर्णकण दिसत नाही. आणि जगातील संग्रहालये अशाच काचपट्ट्यांनी भरलेली होती. जे लक्षण संग्रहात तपासता येत नाही ते लक्षणच नव्हे, असा न बोललेला न्याय येथे झाला.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा न्याय परका वाटू नये. केवळ शिलालेखांवरून एखाद्या भाषेचे व्याकरण रचावे, आणि बोलणारे समोर असूनही त्यांच्या उच्चाराला पुरावा मानू नये, तसा हा प्रकार आहे. शिलालेख टिकतो म्हणून तो अधिक खरा ठरत नाही.

अधिवासाचा अभ्यास या काळात थांबला नव्हता, परंतु तो वर्गीकरणाच्या दारातून न येता नगरपालिकेच्या सांडपाण्याच्या दारातून आत आला. कोल्कव्हिट्स व मार्सोन यांनी १९०२ पासून, आणि विस्ताराने १९०८ मध्ये, नदीच्या कुजकेपणाचे टप्पे कल्पून कोणते जीव कोणत्या टप्प्यात राहतात हे नोंदविले. कोल्बे याने १९२७ मध्ये बर्लिनच्या दक्षिणेस श्पेरेनबेर्ग येथील खाऱ्या भूमीतील डायाटमांवरून क्षारतेची श्रेणी बसविली. फ्रीड्रिख हुस्टेट या ब्रेमेनमधील शाळाशिक्षकाने पाण्याच्या आम्लतेवरून अल्कलीनिष्ठ, अल्कलीप्रिय, उदासीन, आम्लप्रिय आणि आम्लनिष्ठ असे पाच गट केले. हे गट त्याने १९३७ ते १९३९ या काळात छापलेल्या ज्या अभ्यासात मांडले, तो जावा, बाली आणि सुमात्रा येथील डायाटमांचा होता. १९२८-२९ च्या जर्मन मोहिमेत थीनेमान, रुटनर प्रभृतींनी तेथील तळी, झरे, धबधबे व उष्णोदके हिंडून नमुने आणले, आणि प्रत्येक नमुन्याबरोबर पाण्याची मोजमापेही आणली. मागे राहणारी ती चिठ्ठी या खेपेस बरोबर आली होती. युरोपातील नद्यांना पुढे सर्रास लावली गेलेली श्रेणी अशा रीतीने उष्ण कटिबंधातील पाण्यावर घडविली गेली.

तरीही हुस्टेटचे १९३० चे मध्य युरोपीय डायाटमांवरील लहानसे पुस्तक याहून दूरवर पोहोचले. ते सुबक, स्वस्त आणि हाताशी ठेवता येण्याजोगे होते. जगभरचे अभ्यासक त्याच्या चित्रांशी आपापली कवचे ताडून पाहू लागले. त्यात नॅव्हिक्युला पूर्वीसारखीच अवाढव्य राहिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन साधनांनी हे चित्र मोडले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने कवचाच्या आतील बाजू, छिद्रांवरील पडदे व नलिका दाखविल्या. म्हणजे कवचवाद्यांना त्यांच्याच पुराव्याने उत्तर मिळाले. कवच बारकाईने पाहिल्यावर जे भेद दिसले ते वर्णकणांच्या भेदांशी जुळले. प्लॅकोनिसचे १९८७ मध्ये आणि सेलाफोराचे १९८९ मध्ये पुनरुज्जीवन झाले. मेरेझ्कोव्स्कीची नावे ऐंशीहून अधिक वर्षांनी खरी ठरली. राउंड, क्रॉफर्ड आणि मॅन यांच्या १९९० च्या ग्रंथाने जिवंत पेशी व कवच दोन्ही धरून तीन वर्ग कल्पिले. त्यानंतर जनुकीय पुरावा आला, आणि मेडलिन व काचमार्स्का यांनी २००४ मध्ये मांडलेल्या रचनेत केंद्री डायाटम हा एकसंध गट उरला नाही. त्यांतील काही पिच्छाकारांना अधिक जवळचे निघाले. त्याच वर्षी थॅलॅसिओसिरा स्यूडोनाना या सागरी डायाटमचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. त्यात प्राण्यांच्या शरीरक्रियेतून परिचित असलेले युरिया-चक्र आढळले. एरेनबेर्गला तेवढेच समाधान!

सेलाफोराची कथा येथेच संपत नाही. एडिंबरा येथील ब्लॅकफर्ड तळ्यात ‘सेलाफोरा प्यूप्युला’ या एका नावाखाली मोडणारे अनेक प्रकार एकत्र नांदतात. मॅन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी त्यांचे प्रयोगशाळेत संवर्धन केले, तेव्हा ते आपापसात संकर करीत नाहीत असे दिसले, आणि २००४ मध्ये त्यांना स्वतंत्र जाती मानण्यात आले. त्यांतील एकीला त्या तळ्याचेच नाव आहे. जी ‘एक’ जाती सर्व जगात आणि सर्व तऱ्हेच्या पाण्यात राहते असे ग्रंथ सांगत होते, ती अनेक जातींची मोळी निघाली. मग अशा मोळीच्या नावाने नोंदलेल्या अधिवासाला काय अर्थ उरतो? सूक्ष्मजीव सर्वत्र असतात, परिस्थिती फक्त निवड करते, हे बास बेकिंगचे १९३४ चे सूत्र डायाटमांना लागू करताना हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. मद्रास किनाऱ्यावरील सागरी डायाटमांचे सुब्रह्मण्यन यांनी १९४६ मध्ये व्यवस्थित वर्णन केले. गोड्या पाण्याच्या बाबतीत पश्चिम भारताचे ऋण आहे ते हेमेंद्रकुमार पृथ्वीराज गांधी यांचे. १९५० नंतरच्या दशकात धारवाड, कोल्हापूर, राधानगरी, सागर अशा ठिकाणचे नमुने त्यांनी साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि प्रत्येक रूपाचे चित्र स्वतः काढले. पन्हाळगडावरील डायाटमांवरचा त्यांचा प्रदीर्घ लेख १९५९ मध्ये ‘हायड्रोबायोलॉजिया’ या नियतकालिकात आला. गांधींचे वैशिष्ट्य असे की युरोपीय चित्राशी न जुळणारे रूप त्यांनी ओढूनताणून जुळविले नाही. त्यांनी अनेक जाती व उपजाती नव्या म्हणून नोंदल्या. त्यांच्या काही उपजाती पुढे जातीच्या पदावर जातील वा काही गळतील. परंतु भेद दिसला तेथे तो लिहून ठेवावा, ही शिस्त त्यांनी पाळली. मराठीचे व्याकरण संस्कृताच्या की इंग्रजीच्या साच्यात बसवावे यावर दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या ग्रंथापासून चाललेली चर्चा ज्यांनी वाचली आहे, त्यांना या शिस्तीचे मोल वेगळे सांगावयास नको.

ही शिस्त सर्वांनी पाळली असे मात्र नाही. भारतीय जलाशयांच्या असंख्य याद्यांत युरोपीय नावेच आढळतात, आणि त्या नावांबरोबर युरोपीय अधिवासही आपोआप येतो. अमुक जाती स्वच्छ वाहत्या पाण्याची, तमुक सांडपाण्याची, असे कोष्टकात लिहिलेले असते. जातींच्या संख्येला त्या गुणांनी गुणून नदीच्या प्रकृतीचा अंक काढतात. युरोपीय संघाने २००० च्या जलविषयक आदेशापासून ही पद्धत प्रशासनातही आणली. कोष्टक तेथील नद्यांवर बेतलेले असल्याने तेथे ते बऱ्याच अंशी चालते. येथे नाव चुकले तर अंकही चुकतो, आणि त्या अंकावरून काढलेला निष्कर्ष नदीकाठच्या लोकांच्या पाण्याविषयी असतो. डार्विनच्या धुळीसंबंधी एरेनबेर्गला जी यादी अपुरी पडली, तीच येथे अपुरी पडते.

पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पश्चिम घाटातील डायाटमांवर जे काम चालते त्याचा रोख याच उणिवेवर आहे. गांधींनी वर्णिलेल्या रूपांची फेरतपासणी आणि नव्या जातींचे वर्णन ही दोन्ही त्यात येतात. ‘इंडिकोनेमा’ ही तेथील संशोधकांनी सहकाऱ्यांसह स्थापिलेली प्रजाती पूर्व आणि पश्चिम घाटांतील आहे. तिच्या जवळच्या नातलगांच्या कवचाच्या पायाकडील टोकाशीच छिद्रांचा पुंजका असतो. त्यातून पाझरणाऱ्या श्लेष्माच्या देठाने पेशी दगडाला धरून राहते. इंडिकोनेमाला असा पुंजका दोन्ही टोकांना आहे. ही छिद्रे आम्लात उकळलेल्या कवचावरही दिसतात. पण दुसऱ्या टोकाच्या छिद्रांचे प्रयोजन काय हे पाहावयाचे तर पावसाळ्यानंतर घाटातील ओढ्यात उतरून, दगड उचलून, पेशी जिवंत असतानाच भिंगाखाली धरावी लागेल.